जळालेल्या मोटारीवर शिकलेला मिस्त्री

दिवाळी झाली की आमच्याकडे ओलिताचा सीझन सुरू होतो. गहू, चना, तूर, जिथं पाणी पुरतं तिथं पऱ्हाटीचा शेवटचा वेचा. त्या दिवसांत सकाळी सातला दुकानाचं शटर उचलावं तर समोर पंपाच्या दोन-तीन जळालेल्या मोटारी येऊन पडलेल्या असतात. कुणी मोटरसायकलच्या मागं बांधून आणलेली, कुणी बंडीत टाकून. म्हणणं सगळ्यांचं एकच: "भाऊ, आज संध्याकाळपर्यंत होईन का? चना सुकून राह्यला."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात 2009 पासून माझं मोटार वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचं, दुकान आहे. हे काम मला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात कुणी कधी पान्हा हातात धरला नव्हता. जळालेल्या मोटारी खोलत, चुका करत, त्या चुकांचे पैसे भरत मी शिकलो. म्हणूनच "तरुणांनी स्वतः शिकावं, स्वतःचा धंदा टाकावा, नोकरीच्या मागं लागू नये" असं भाषण ऐकलं की मला बोलावंसं वाटतं. ते म्हणणं चुकीचं नाही. पण स्वतः शिकण्याची किंमत कोण भरतो, हे त्या भाषणात कधी येत नाही.

माझं म्हणणं असं आहे. खेड्यात स्वतःहून हुनर शिकणाऱ्या पोराला कर्ज आणि दाखला या दोन्हींच्या आधी एक जागा पाहिजे. तिथं त्याला यंत्राला हात लावता यावा, चूक करता यावी, आणि ती चूक कुणीतरी जाणत्यानं दाखवून द्यावी. ही जागा नव्यानं बांधायची गरज नाही. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत, आपल्या जवळपास प्रत्येक तालुक्यात एक. त्यांची वर्कशॉपं संध्याकाळी आणि रविवारी बाहेरच्या शिकणाऱ्यांना उघडी करावीत.

हे मी का म्हणतो, ते माझ्या कामावरूनच सांगतो.

मोटार जळाली की मिस्त्री आधी तिचा डाटा घेतो. स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाला, स्लॉट (खाचा) किती, एका कॉइलला टर्न (वेढे) किती, तार किती गेजची (जाडीची), कॉइल कितव्या स्लॉटातून निघून कितव्यात गेली, तीन फेजची जोडणी स्टार की डेल्टा. हे सगळं जुनं वायंडिंग तोडण्याआधी वहीत उतरवायचं, कारण एकदा तोडलं की ती माहिती गेली. माझी पहिली वही अजून दुकानात आहे. काकांच्या वावरातली 5 एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र असलेली) मोटार मी तीन वेळा खोलली, तेव्हा कुठं तिचा डाटा बरोबर उतरला. काका घरचे होते म्हणून त्यांनी खोलू दिली.

दुसरी मोटार गिऱ्हाइकाची होती. अडीच-तीन किलो तांब्याची तार मी उधारीवर आणली, दोन दिवस बसून भरली, आणि एका फेजची टोकं उलटी जोडली. स्वीच टाकल्यावर मोटार फिरायच्या ऐवजी नुसती घुमत राहिली आणि काही क्षणांत धूर निघाला. तार परत आणली, परत भरली. त्या माणसाचं गव्हाचं एक पाणी चुकलं. तो मला एक शब्दही वाईट बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता, किंवा तार उधार देणारा दुकानदार वेगळा असता, तर मी त्याच महिन्यात हे काम सोडलं असतं. कितीतरी पोरांनी सोडलं आहे. त्यांच्यात हुनर नव्हता असं नाही. दुसरी चूक त्यांच्या खिशाला झेपली नाही.

आज पोरांच्या हातात मोबाइल आहे. 2016 च्या सप्टेंबरनंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि वायंडिंगचे हिंदी व्हिडिओ गावागावात पोचले. ही मोठी गोष्ट आहे. मला स्टार-डेल्टा समजायला सहा महिने लागले, ते पोरं चार दिवसांत समजून घेतात. गेल्या हिवाळ्यात एक पोरगा आला, बारावी झालेला. म्हणाला, "काका, मले हे काम शिकायचं हाय. पैसे नका देऊ, फक्त बसू द्या." पोल, पिच, ग्रुप, सगळे शब्द त्याला येत होते. मी त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि तारेची जाडी मोजायला सांगितली. त्यानं तारेवरचा इनॅमलचा थर न काढताच मोजली. माप जास्त आलं, म्हणून जाड गेजची तार घेतली. ती स्लॉटात बसेना, म्हणून टर्न कमी केले. टर्न कमी झाले की मोटार नुसती चालवली, लोड दिला नाही, तरी जादा करंट ओढते आणि तापते. सुरुवात एका छोट्या मापाची होती, शेवट जळालेल्या मोटारीत झाला असता. व्हिडिओतला माणूस तुमचा हात पाहू शकत नाही. त्याचं काम तुम्हाला दिसतं, तुमचं काम त्याला दिसत नाही.

आणि माझीच गोष्ट सांगायची तर याहून गंभीर आहे. मोनोब्लॉकच्या मोटारीत वॉर्निशनं कॉइल घट्ट बसलेल्या असतात, सहजासहजी निघत नाहीत. मी स्टेटर सरळ जाळात टाकायचो. वॉर्निश जळून जातं, तार सुटते, काम पटकन होतं. आसपासचे सगळेच तसं करायचे. सात वर्षं मी हे केलं. मग एक दिवस आयटीआयतून निवृत्त झालेले एक शिक्षक स्वतःच्या विहिरीवरची मोटार घेऊन आले. मागच्या बाजूला पेटवलेला जाळ त्यांनी पाहिला आणि विचारलं, "हा गाभा एका लोखंडाचा आहे की पातळ पत्र्यांचा?" पत्र्यांचा, मी म्हणालो. "मग त्या पत्र्यांमध्ये जो इन्सुलेशनचा थर आहे त्याचं जाळात काय होतं?" तो थर जळतो. पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, त्यांच्यातून भोवऱ्यासारखा करंट फिरायला लागतो आणि गाभा स्वतःच तापतो. वायंडिंग कितीही चांगलं भरा, अशी मोटार वीज जास्त खाते आणि लवकर जळते. वायंडिंगच्या इन्सुलेशनचा ढोबळ नियम असा की दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणजे ज्या मोटारी माझ्याकडं दोन सीझननं परत यायच्या, आणि ज्यांच्यासाठी मी लो व्होल्टेजला दोष द्यायचो, त्यातल्या काही माझ्या जाळानं मारलेल्या होत्या. आता कॉइलचं एका बाजूचं टोक छिन्नीनं कापून मी दुसऱ्या बाजूनं ओढून काढतो. वेळ लागतो, हात दुखतात.

सात वर्षांची चूक दोन प्रश्नांत सुटली. हे दोन प्रश्न मला 2009 साली कुणी विचारले असते तर? मी एकट्यानं शेकडो मोटारी केल्या असतील. आमच्या पट्ट्यात असे किती वायंडर आहेत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मोटारी किती वीज फुकट खात असतील, याचा विचार केला की हा माझ्या एकट्याच्या दुकानाचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्रात 7.5 एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल 2024 पासून सरकार भरतं. खराब वायंडिंगची वीजही त्याच पैशातून जाते.

लो व्होल्टेज खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. 415 च्या जागी 330 व्होल्ट आले तर मोटारीची ओढ एक-तृतीयांशाहून जास्त कमी होते. एखादा फेज गेला आणि मोटार आपोआप चालू-बंद करणारा ऑटो स्वीच डायरेक्ट केलेला असला तर मोटार वाचत नाही. कास्तकार म्हणतो, "लायन कमी असली तरी उचलली पाह्यजे," म्हणून आम्ही टर्न थोडे कमी करून देतो. आणि ज्या रात्री लोड उतरून व्होल्टेज पूर्ण येतं, त्या रात्री तीच मोटार तापते. किती टर्न कमी करावेत, कुठं थांबावं, हे अंदाजानं चालतं. ते मोजून पाहायचं असेल तर व्होल्टेज कमी-जास्त करता येणारं तीन फेजचं टेस्ट पॅनल लागतं. माझ्याकडं नाही. नवीन दुकान टाकणाऱ्या पोराकडं तर नाहीच. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड असलेल्या आयटीआयत अशी साधनं असतात.

लोक विचारतात, मग पोरांनी सरळ आयटीआयला प्रवेश घ्यावा ना. ज्याला जमतं त्यानं जरूर घ्यावा. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा, दिवसाचा, हजेरीचा. ज्या घरात बाप आजारी आहे, तीन-चार एकर कोरडवाहू आहे आणि पोरगाच वखर धरतो, तिथं दोन वर्षं दिवसभर वर्गात बसणं परवडत नाही. आणि जो तिशीत आहे, दहा वर्षं हे काम करतो आहे, त्यानं सोळा वर्षांच्या पोरांसोबत पहिल्यापासून यावं का? आधीच्या शिक्षणाला मान्यता देणारी सोय 2015 च्या कौशल्य विकास योजनेत आहे, ती चांगली कल्पना आहे. पण तिथं तुम्हाला काय येतं ते तपासतात. जे येत नाही ते शिकवायला कुणी तुमच्या शेजारी महिनाभर बसत नाही. ॲप्रेंटिसचा कायदा 1961 चा आहे, मात्र एकट्या मिस्त्रीच्या दुकानापर्यंत तो पोचत नाही. म्हणून माझ्याकडं बसणारा तो बारावीचा पोरगा कागदावर कुणीच नाही. तो विद्यार्थी नाही, ॲप्रेंटिस नाही, कामगारही नाही.

याचं एक कारण मला असं वाटतं. आपल्या डोक्यात कारागीर म्हटलं की अजून बलुतेदार येतो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. रोज 500 रुपये विद्यावेतन देऊन प्रशिक्षण, 15,000 रुपयांची अवजारं, पहिल्या टप्प्यात एक लाख आणि नंतर दोन लाखांचं कर्ज, तेही 5 टक्क्यांनी. योजना म्हणून ती मोलाची आहे. तिच्यात 18 व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी आणि असेच. मोटार वायंडर नाही. मोबाइल दुरुस्त करणारा नाही, मोटरसायकलचा मेकॅनिक नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेलं काम डोळ्यांसमोर ठेवून ती यादी झाली आहे. लोहाराचं पोर भात्याजवळ वाढतं, बापाच्या हाताकडं पाहत शिकतं. वायंडिंग कुणाच्याच जातीचं काम नाही. आमच्या तालुक्यातल्या पाच दुकानदारांच्या पाच जाती आहेत. मला ही फार चांगली गोष्ट वाटते. जातीनं न ठरलेलं, कुणीही उचलावं असं काम गावात उभं राहिलं. पण त्यामुळंच इथं शिकवायला बाप नाही. बलुत्यात घर ही शाळा होती, कारखान्यात फोरमन असतो, आणि आमच्याकडं या दोन्हींपैकी काहीच नाही. ही रिकामी जागा समाजानं भरायची असते.

बलुतं गेलं, पण त्याचं वेळापत्रक मात्र अजून गेलं नाही. पूर्वी बलुतेदाराला खळ्यावर वर्षातून एकदा धान्य मिळायचं. आज माझं गिऱ्हाईक म्हणतं, "कापूस निघू द्या, मग देतो." तो खोटं बोलत नाही, त्याच्याकडं खरोखरच तेव्हाच पैसा येतो. पण तांब्याचा व्यापारी रोख मागतो. वायंडिंगच्या तारेचा भाव आज किलोला हजाराच्या घरात आहे. मुद्रा योजनेत 2015 पासून 50,000 रुपयांपर्यंत शिशू कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, पण हप्ता दर महिन्याला. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना मोटारी बंद असतात, दुकानात कुणी येत नाही. हप्ता येतो. पीककर्ज वर्षातून एकदा, 31 मार्चच्या हिशोबानं फेडायची सोय आहे, कारण शेतीचं उत्पन्न तसं येतं हे बँकेला मान्य आहे. मग ज्याची सगळी गिऱ्हाइकं कास्तकार आहेत त्याचं उत्पन्न वेगळ्या महिन्यात कसं येईल? खेड्यातल्या कारागिराच्या कर्जाचा हप्ता हंगामाला बांधावा, हे मागणं मोठं नाही. तरीही मी म्हणेन, आधी हात शिकू द्या. कच्च्या हातात 50,000 ची तार दिली तर त्यातली पहिली 10,000 ची चुकण्यातच जाते.

हे विचार वर्ध्याच्या मातीला नवे नाहीत. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि त्यातून नई तालीम निघाली. हातानं करायचं काम हेच शिकण्याचं माध्यम, असा तिचा गाभा. त्याच्या तीन वर्षं आधी, 1934 मध्ये, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात उभा राहिला आणि जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत घाणी, कागद, मधमाशा यांवर प्रयोग करून ते गावकऱ्यांना दाखवायला सुरुवात केली. माझ्या गावापासून वर्धा शंभरेक किलोमीटर. मगन संग्रहालय मी दोनदा पाहिलं आहे. मला तिथं एक गोष्ट पटली: तो संग्रह ग्रामीण माणसाला शिकवण्यासाठी मांडलेला आहे. आज खेड्याचं यंत्र चरख्याच्या जागी पंपाचं आहे. पण शिकणाऱ्यानं येऊन पाहावं, हाताळावं, विचारावं, ही सोय तेव्हाच्या माणसांना सुचली होती, आणि आपल्याकडं इमारती, यंत्रं, पगारी शिक्षक सगळं असून आपण संध्याकाळी दार लावून घेतो.

एका संस्थेत मी स्वतः विचारून पाहिलं होतं. रविवारी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि टेस्ट पॅनल वापरू द्या, भाडं देतो. तिथले शिक्षक मनानं तयार होते. पण बाहेरच्या माणसाला काही झालं तर जबाबदारी कुणाची, असा प्रश्न निघाला आणि विषय संपला. प्रश्न खरा आहे. तीन फेजची वीज चेष्टेची नाही. पण त्याला उत्तर आहे. नोंदणी करा, विमा काढा, रबरी मॅट आणि ट्रिपिंगची व्यवस्था आहेच, एक शिक्षक जादा मानधनावर हजर ठेवा. आज हीच पोरं हीच वीज कुणाच्याही देखरेखीशिवाय, ओल्या जमिनीवर उभं राहून हाताळतात. तिथं जबाबदारी कुणाची?

आणि इथं एक रेघ मला ठळक ओढायची आहे. स्वतः शिकायचं ते दुकानात, टेबलावर, बंद मोटारीवर. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, नाही. गावात लाइनमन लवकर पोचला नाही की लोक वायंडरच्या पोराला म्हणतात, "तुले तर समजते, फ्यूज टाकून दे." तो चढतो, कारण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं आणि घाबरट म्हणून नाव होतं. अशी पोरं गेलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वायरमनचं परवानापत्र उगीच ठेवलेलं नाही. माझ्या दुकानात बसणाऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि गावातल्या मोठ्या माणसांना हात जोडून सांगतो की लेकरांना त्या खांबावर पाठवू नका.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या घरातली आहे. फर्म्यावर (साच्यावर) कॉइल गुंडाळायचं काम गेली बारा वर्षं माझी बायको करते. टर्न मोजण्यात तिची चूक होत नाही, माझी होते. तिला मात्र कुणी वायंडर म्हणत नाही, आणि दुकानाच्या पाटीवरही नाव माझंच आहे. ते मला बदलायचं आहे. वर्कशॉप उघडलं तर एक संध्याकाळ बायांसाठी ठेवा. दिवसा त्या निंदणाला, वेचायला जातात, आणि दोन वर्षांच्या कोर्सचा तर त्यांच्यासाठी प्रश्नच येत नाही.

आता घाई का करायची, तेही सांगतो. आमच्याकडं सोलर पंप झपाट्यानं बसत आहेत. कुसुम योजना 2019 ची, आणि आता मागेल त्याला सौर कृषी पंप. शेतकऱ्यानं 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के. दिवसा पाणी मिळतं, रात्री साप-विंचवाच्या भीतीनं वावरात जावं लागत नाही. मला त्याचा आनंद आहे, माझा धंदा कमी झाला तरी. पण या पंपांची दुरुस्तीची हमी पाच वर्षांची आहे. पाच वर्षं संपली की कंट्रोलर, म्हणजे सोलरची वीज पंपाला चालेल अशी करून देणारा डबा, बंद पडलेला कास्तकार कुणाकडं येणार? माझ्याकडंच येणार. कंट्रोलरच्या आत काय असतं हे मी मोबाइलवर पाहिलं आहे, हातानं कधी खोललं नाही. खोलून बिघडवायला माझ्याकडं स्वतःचा कंट्रोलर नाही, आणि गिऱ्हाइकाच्या कंट्रोलरवर मला पुन्हा 2009 करायचं नाही.

मे महिना यासाठी बरा आहे. ओलीत संपलेलं असतं, पेरणीला वेळ असतो, पोरं पारावर बसून असतात. एका तालुक्यात, एका वर्कशॉपात, आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवार. टेबलावर एक मेगर, एक मायक्रोमीटर, एक टेस्ट पॅनल, भंगारातून आणलेले दहा स्टेटर आणि सोलरचे दोन जुने कंट्रोलर. एक शिक्षक, आणि आमच्यासारखे दोन दुकानदार, पाळीपाळीनं, फुकट. माझी पाळी मी आजच लिहून देतो. त्या बारावीच्या पोराचं नाव यादीत पहिलं घाला.